होल्डरची पांढरी बाजू

दसरा होऊन पाच दिवस झाले तरी कल्याण खंडागळेच्या जीपवरचा झेंडूचा हार उतरला नव्हता. हार वाळून कडकडीत झाला होता, कल्याणचा राग मात्र अजून ताजा होता. जीपच्या पूजेला तो नवाकोरा काळा शर्ट घालून उभा राहिला, तर बायकोने, मनकर्णाने, चार शेजाऱ्यांदेखत त्याला घरात परत पाठवलं. पूजेला काळं चालत नाही एवढंही या माणसाला कळू नये, म्हणून. शेवटी पोटावर न बसणारा जुना पांढरा सदरा घालून त्याने नारळ फोडला. हे गाऱ्हाणं त्याने मोनिका पारखेला तीनदा ऐकवून झालं होतं. चौथ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

मोनिकाचं ऑफिस श्रीरामपुरात, स्टेशनच्या रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि उलटलेले टेम्पो तपासल्यावर तिने खासगी तपासाची पाटी लावली होती. कल्याण तिचा ड्रायव्हर, सोबती आणि चुकीचे अंदाज बांधणारा हक्काचा माणूस. अंदाज चुकले तरी तो हरत नसे, लगेच दुसरा बांधी.

बाईंना पाहून कल्याण ताडकन उठला. त्या सुनीती मुळे होत्या, बेलापूरच्या मुळेसरांच्या पत्नी. मार्तंड मुळेसरांनी कल्याणला शाळेत तीन वर्षं चित्रकला शिकवली होती आणि तिन्ही वर्षं नापास केलं होतं. तरी कल्याणचा त्यांच्यावर जीव होता.

सुनीतीबाईंनी सांगितलं ते असं. निवृत्त झाल्यावर सरांनी एक जुना मोठा कॅमेरा घेतला. तिवईवर ठेवायचा, डोक्यावर काळं फडकं घेऊन आत बघायचं, आणि एकेक फोटो पोस्टकार्डाएवढ्या एकेका फिल्मवर काढायचा. गेल्या आठवड्यात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दोघं नवराबायको भाड्याच्या गाडीने भंडारदऱ्याला गेले. सरांनी दिवसभरात सहा फोटो काढले. सहावा बाईंचा. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण बाई कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या. त्या दिवशी ओढ्याकाठच्या दगडावर बसल्या.

"बसले, आणि फोटो झाला म्हणताक्षणी उठायला गेले तर पाय घसरला," बाई म्हणाल्या. "हे कॅमेरा तसाच टाकून धावत आले. मी पाण्यात बसलेली आणि आम्ही दोघंही हसतोय. फार वर्षांनी असे हसलो."

त्या रात्री सर तापाने फणफणले. एरवी ते घरी पोचताच फिल्म धुवायचे, या वेळी दोन दिवस अंथरुणातच होते. उठल्यावर पिशवी उघडली आणि पांढरेफटक पडले. फिल्म ज्या चपट्या डब्यांत असते त्या होल्डरांवर खूण होती की एकही फोटो काढलेला नाही. वहीत मात्र सहाही फोटो वेळेसकट लिहिलेले. सरांनी दोन फिल्म धुऊन पाहिल्या. दोन्ही काळ्याठिक्कर निघाल्या.

"मी होते ना तिथे, मी पाहिलं फोटो काढताना, असं सांगितलं. ते म्हणतात, तू मला फडक्याखाली शिरताना पाहिलंस, आत मी काय केलं ते तुला काय माहीत." सरांच्या वडिलांची शेवटी स्मृती गेली होती, घरच्यांनाही ओळखत नव्हते. आता आपली पाळी, असं सरांनी धरूनच टाकलं होतं. मुलाने पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आणि रविवारी कॅमेरा एका स्टुडिओवाल्याला देऊन टाकायचा ठरलं होतं.

"फोटो गेले ते जाऊ देत," सुनीतीबाई म्हणाल्या. "यांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं मला शोधून द्या."

जीप बेलापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा कल्याणचं डोकं गरगरत होतं. फोटो काढले नसतील तर फिल्म कोरी निघायला हवी. काढले असतील तर चित्र निघायला हवं. हे काळं कुठून आलं? त्याने मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, "तेच तर."

मुळेसर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. कल्याणला पाहून त्यांनी त्याचं नाव, आडनाव आणि सातवीतले चित्रकलेचे गुण सांगितले. पस्तीसपैकी अकरा. कल्याणला वाटलं, एवढी स्मरणशक्ती असणाऱ्याला पुण्याला कशाला न्यायचं? पण सर मांडीवरच्या वहीतल्या त्याच सहा नोंदी पुन्हा पुन्हा वाचत होते.

मोनिकाने आधी कॅमेरा मागितला. पडदे ओढून खोली अंधारी केली, कॅमेऱ्याच्या पोटात मोबाईलची बॅटरी लावून ठेवली, आणि बाजाच्या पेटीसारख्या त्याच्या भात्याला चहूबाजूंनी न्याहाळलं. भात्याला कुठे टाचणीएवढं भोक असतं तर उजेडाचा ठिपका दिसला असता. एकही दिसला नाही.

"ते मी पाहिलंय," सर थकल्या आवाजात म्हणाले. "भाता फुटला तर फिल्मवर एखादा पट्टा येतो, डाग येतो. सबंध फिल्म अशी काळी होत नाही."

मग त्यांनी होल्डर दाखवले. तीन होते, सरळ कडांचे, चपटे, जाड पाटीसारखे. प्रत्येकात दोन्ही बाजूंना एकेक फिल्म, अशा सहा. फिल्मवर झाकण म्हणून एक सरकती पट्टी, तिला सर स्लाइड म्हणत. स्लाइड वरच्या फटीतून बाहेर निघते, आणि त्या फटीला आतून मखमल लावलेली असते, म्हणजे उजेड शिरू नये. स्लाइडची मूठ एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने काळी. कोरी फिल्म भरली की पांढरी बाजू बाहेर ठेवायची. फोटो काढताना स्लाइड पूर्ण उपसायची, आणि काढून झाला की उलटी करून घालायची, काळी बाजू बाहेर. वर एक छोटा आकडा असतो, तो फिरवून अडकवायचा. सहाही मुठी पांढऱ्या होत्या आणि सहाही आकडे अडकवलेले.

"उलटी न करताच घातली असेल, तर?" कल्याणने विचारलं.

"एखादी घालीन," सर म्हणाले. "सहाच्या सहा? आणि काळ्या का निघाव्यात? उजेड लागलेली फिल्म धुतली की अशी काळी निघते. मी बहुतेक कुठे तरी स्लाइड उघड्या टाकून बसलो असेन. मला आठवत नाही, आणि तेच तर दुखणं आहे."

मोनिकाने धुतलेल्या दोन फिल्म खिडकीशी धरल्या. दोन्ही मधे डांबरासारख्या काळ्या होत्या, पण लांब बाजूंच्या कडेला सुतळीएवढी पारदर्शक रेघ होती. ती कशाची, असं तिने विचारलं. होल्डरमध्ये फिल्मच्या कडा खोबणीत बसतात, तेवढा भाग झाकलेला राहतो, असं सरांनी सांगितलं. फिल्मचा खोकाच कुणी उघडला असता तर कडाही काळ्या झाल्या असत्या. मोनिकाने मान डोलावली आणि भिंग काढून होल्डरांच्या फटी बघत बसली. तिन्ही होल्डरांवर बाहेरून दसऱ्याच्या हळदकुंकवाचे डाग होते. कल्याणनेही डोकं खुपसलं. त्याला मखमल दिसली, मखमलीवर पिवळसर काही तरी दिसलं, आणि झेंडूचा भुगा असेल म्हणून त्याने डोकं बाहेर काढलं.

"सहावी फिल्म कुठल्या बाजूची?" मोनिकाने विचारलं. सरांनी तिसऱ्या होल्डरवरचा पेन्सिलने लिहिलेला सहाचा अंक दाखवला. तिने ती फट दोनदा पाहिली. राहिलेल्या चार फिल्मना कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं, आणि सर म्हणाले की आता त्यांना हात लावायची हौस कुणाला आहे.

मग एकेकाची विचारपूस झाली. मुलगा शौनक मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून पुण्याचं काम इथून करत होता. तो आणि त्याची बायको सणाला म्हणून आले ते वडिलांच्या आजारपणामुळे थांबले होते. आईवडिलांनी पुण्याला यावं असं त्याला दोन वर्षांपासून वाटत होतं, हे त्याने लपवलं नाही. कॅमेरा जाईल तर बरंच, तो जड आहे, बाबा तो घेऊन दगडाधोंड्यांत हिंडतात, हेही नाही लपवलं. दसऱ्याच्या दिवशी तो बाबांच्या उशाशी होता, मधे फक्त गाडी धुवायला खाली गेला.

"मी बाबांच्या वस्तूंना हात लावत नाही," तो म्हणाला. "लहानपणी एकदा लावला होता, त्याचा मार आठवतोय."

कल्याणने मनात शौनकवर फुली मारली. बापाला पुण्याला न्यायचं असेल तर त्याला वेडा ठरवण्यासारखा सोपा रस्ता कुठला?

पण स्टुडिओवाला आदिनाथ आला आणि कल्याणने ती फुली पुसून याच्यावर मारली. मोनिकाने त्याला बोलावून घेतलं होतं. हा सरांचाच विद्यार्थी, श्रीरामपुरात त्याचा मोठा स्टुडिओ होता. लग्नांचे फोटो काढायचा आणि दर्शनी भागात मांडायला त्याला हा कॅमेरा वर्षभरापासून हवा होता. दसऱ्याच्या संध्याकाळी तो सोनं द्यायला आला होता, आणि सर झोपलेले म्हणून पुढच्या खोलीत एकटाच दहा मिनिटं बसला होता. कॅमेऱ्याची पिशवी त्याच खोलीत होती.

"आता समदे म्हनतील म्या केलं," आदिनाथ तोंड पाडून म्हणाला. "कॅमेरा मला पायजे हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन सरांचे फोटो उजेडात जाळून नगं. मी पिशवी उघडली व्हय, बघितला कॅमेरा, परत ठिवला. डब्यांना काय शिवलो न्हाई."

"पिशवी उघडलीस, हे कबूल हाय ना," कल्याण दरडावून म्हणाला. मोनिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला आत निघून गेला.

स्वयंपाकघरात सून भेटली, निकिता. लग्नाला आठ महिने झालेली, या घरातला तिचा पहिलाच दसरा. मोनिकाही मागोमाग आली. ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे ओळीने लावलेले होते, कोथिंबिरीची देठंसुद्धा एका मापाची कापलेली. निकिता घाबरली नव्हती, दुःखी होती. सासूबाई सणाच्या सकाळी आजारी माणसाजवळ, म्हणून घरातल्या हत्यारांची पूजा तिने एकटीने मांडली होती. विळी, हातोडी, शौनकचा लॅपटॉप, आणि मुद्दाम बाबांचा कॅमेरा.

"फिल्मचा खोका उघडला होता का कुणी?" मोनिकाने विचारलं.

"छे. रिळांचा खोका कपाटात कुलपात असतो. मी कॅमेरासुद्धा उघडला नाही, बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं. त्या पाट्यांना पण." तिने मोबाईल पुढे केला. पूजेचा फोटो तिने दसऱ्याला सकाळी साडेनऊला सगळ्यांना पाठवला होता. पाटावर पांढरं वस्त्र, त्यावर कॅमेरा, झेंडू, आणि पुढे तीन होल्डर भिंतीला टेकून उभे. मोनिकाने फोटो मोठा करून पाहिला. दिसत होत्या तेवढ्या मुठी पांढऱ्याच होत्या.

कल्याण आता पुरता चक्रावला. सकाळी साडेनऊलाच मुठी पांढऱ्या, म्हणजे संध्याकाळी आलेला आदिनाथ सुटला. उरले शौनक आणि सर. त्याला शौनक नको होता आणि सर तर मुळीच नको होते. तो अंगणात जाऊन जीपच्या पायरीवर बसला आणि वाळलेल्या हाराची फुलं उगाच कुस्करत राहिला. मोनिका येऊन शेजारी उभी राहिली.

"कल्याण, त्या काळ्या शर्टाचं गाऱ्हाणं पुन्हा सांग बरं."

कल्याणला वाटलं, ताई थट्टा करतायत. "काय सांगू, ताई? मनकर्णा म्हनली, पूजेच्या टायमाला काळं पुढं नगं. आत जा, पांढरं घालून ये."

"आणि तू काय केलंस?"

"काय करनार? आत गेलो, काळा काढला, पांढरा घातला, भायेर आलो."

"झालं तर," मोनिका म्हणाली, आणि घरात गेली.

तिने सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. आधी सरांकडे वळून ती म्हणाली की तुम्ही सहाही फोटो काढले होते, वहीत लिहिलंय ते खरं आहे.

"कडा पारदर्शक आहेत," मोनिका सांगू लागली. "म्हणजे फिल्म खोक्यात किंवा भरताना उजेड लागून जळली नाही, होल्डरमध्ये बसलेली असताना जळली. भाता धड आहे आणि काळेपणा सगळीकडे सारखा आहे, म्हणजे कॅमेऱ्यातही जळली नाही. भर उजेडात कुणी तरी स्लाइड बाहेर काढल्या. आता ज्याला नुकसान करायचंय तो स्लाइड उपसतो आणि परत खुपसतो. त्या उलट्या करून, सगळ्या पांढऱ्या बाजू एकसारख्या बाहेर काढून, वर आकडे अडकवत बसण्याची तसदी तो घेत नाही. हे करणाऱ्याला काही बिघडवायचं नव्हतं, नीट मांडायचं होतं."

मोनिकाने एक होल्डर उचलला.

"मखमल फटीच्या आत असते. बाहेरून हळदकुंकू वाहिलं तर ते बाहेरच राहतं. पण पाच फटींत, आतल्या मखमलीला, ओली हळद लागून वाळलेली आहे. हळदीच्या बोटांनी स्लाइड धरून परत आत सरकवली की ती लागते. सर त्या वेळी अंथरुणात होते. शौनक गाडी धूत होता, त्याच्या हाताला साबण असेल, हळद नाही. आदिनाथ यायला अजून आठ तास होते. आणि या कल्याणला त्याच सकाळी बायकोने काळा शर्ट बदलून पांढरा घालायला लावला होता, कारण पूजेत काळं पुढे नको."

निकिताचा हात तोंडावर गेला. "काळ्या पट्ट्या पूजेत बऱ्या दिसत नव्हत्या," ती म्हणाली. "दुसरी बाजू पांढरी दिसली, म्हणून काढून उलट्या घातल्या. आत नुसती करडी पाटी होती. ती फिल्म होती? मला वाटलं फिल्म म्हणजे रीळ." जी मुलगी कळायला लागल्यापासून मोबाईलवर फोटो बघत आली, तिला फिल्म कुठून माहीत असणार? तिला विचारलं होतं ते खोका आणि कॅमेरा उघडण्याचं, आणि तिने खरं तेच सांगितलं होतं.

शौनक बायकोकडे बघत राहिला. सुनीतीबाई उठल्या. पण त्यांच्या आधी सर उठले होते. त्यांचे डोळे भरले होते आणि कल्याणला कळेना की हा माणूस रडतोय का हसतोय.

"म्हणजे मी काढले होते," सर म्हणाले. "काळ्या बाजू मीच केल्या होत्या. निकिता, अगं पोरी, तू मला वाचवलंस की गं." ती हुंदके देत माफी मागत होती आणि ते तिच्या डोक्यावर हात ठेवून आपलंच म्हणत होते, मी काढले होते, मी काढले होते. कल्याणने नाक शिंकरलं आणि झेंडूच्या भुग्याला दोष दिला.

"अजून एक आहे," मोनिका म्हणाली. "हळद पाचच फटींत आहे. सहावी स्वच्छ आहे. निकिता, सगळ्या सहा उलट्या केल्यास?"

निकिताने डोळे पुसत आठवून पाहिलं. "नाही. एक आधीच पांढरी होती."

सर जागीच थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई ओढ्यात घसरल्या, सर धावले, हसून हसून परत आले, आणि स्लाइड जशी उपसली होती तशीच, न उलटवता, घालून टाकली. ती पांढरीच राहिली. म्हणून पूजेच्या दिवशी तिला कुणी हात लावला नाही.

पुढचा अर्धा तास न्हाणीघराचं दार बंद होतं. आत सर आणि त्यांची रसायनं, बाहेर सगळं घर. निकिता दाराशी जमिनीवर बसली होती, शौनक तिच्याशेजारी. आदिनाथ परत जायला निघालेला थांबला होता. दार उघडलं तेव्हा सरांच्या हातात ओली फिल्म होती. त्यांनी ती खिडकीशी धरली. उलट्या चित्रात केस पांढरे आणि चेहरा काळा दिसतो, तरी कुणालाही ओळखता आलं असतं. दगडावर सुनीतीबाई बसल्या होत्या, आणि हसू आवरायचा प्रयत्न करत होत्या.

बाईंनी ती फिल्म बराच वेळ पाहिली. मग त्या निकिताला म्हणाल्या की चहा टाक, आणि आदिनाथला म्हणाल्या की रविवारी यायची गरज नाही, आलास तर जेवायलाच ये. शौनकने मोबाईल काढून डॉक्टरांची वेळ रद्द केली.

परतीच्या वाटेवर अंधार पडत होता. उसाच्या ट्रॅक्टरमागे जीप रांगत होती आणि कल्याणच्या डोक्यात एक खडा अजून टोचत होता.

"ताई, समदं कळलं. पन एक सांगा. सहावी स्लाइड उलटी करायची सर इसरलेच की. मंग इसराळूपना हायच म्हनायचा का न्हाई?"

मोनिकाने खिडकीची काच खाली केली. "बायको पाण्यात पडली असताना ज्याला स्लाइडची बाजू आठवेल ना, कल्याण, त्याला खुशाल पुण्याच्या डॉक्टरकडे न्यावं."

कल्याणने जीप कडेला घेतली, उतरून वाळका हार काढला, आणि मनकर्णासाठी रस्त्याकडेच्या हातगाडीवरून पावशेर गरम भजी बांधून घेतली.